बांध न ओळखणारा शत्रू : परभणीची कपाशी आणि शेंदरी बोंडअळीची पावणेदोनशे वर्षे

१/
ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने एक घोषणा केली : देशाच्या सर्व कापूस पट्ट्यांतून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाले आहे. त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, २०१७ च्या हंगामाअखेरीस, मराठवाड्यातील शेतकरी उभ्या पऱ्हाटीत नांगर घालत होते. कीड एकच होती. तिला रोखण्यासाठी बियाण्यात घातलेली जनुकेही तीच होती. तरीही एका भूमीत कीड संपली आणि दुसऱ्या भूमीत पीक संपले. असे का घडले? परभणी जिल्ह्याच्या काळ्या मातीतून या प्रश्नाचा माग काढणारा हा थ्रेड.

२/
गोदावरी, पूर्णा आणि दुधना या तीन नद्यांच्या काठी वसलेला परभणी जिल्हा निजामी राजवटीतही कापसासाठी ओळखला जाई. येथील देशी कापूस व्यापारात 'गावराणी' या नावाने विकला जात असे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग या भागातून गेला आणि सेलू, मानवत, परभणी या गावांच्या कापूस व्यापाराला नवे दार उघडले. आजही विद्यापीठाच्या कापूस संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्राला 'महेबूब बाग' हे जुने नाव चिकटून आहे. थोडक्यात, या जिल्ह्याचे सुखदुःख बोंडाशी बांधलेले आहे आणि बोंडातच त्याचा शत्रू राहतो.

३/
या शत्रूचे जुने मराठी नाव 'शेंदरी बोंडअळी'. अलीकडे 'गुलाबी बोंडअळी' हे नाव अधिक रूढ झाले. पतंग लहानसा, मातकट तपकिरी रंगाचा, रात्री उडणारा. दिवसा तो दृष्टीस पडणेही कठीण. मादी पाते, फुले आणि कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी थोड्याच वेळात पोखरत आत शिरते. फुलात शिरली, तर ती पाकळ्या आतून शिवून टाकते आणि फूल उमलतच नाही. शेतकरी त्याला 'डोमकळी' म्हणतो. बोंडात शिरली, तर आत जाण्याचे छिद्र काही काळात भरून येते. बाहेरून पाहिले तर बोंड हिरवेगार आणि निरोगी.

४/
आत मात्र सरकी खाल्ली जात असते, रुईला डाग पडत असतात. वेचणीच्या दिवशी बोंड नीट फुटत नाही आणि हाती येते ती 'कवडी'. या किडीचे सारे सामर्थ्य तिच्या लपण्यात आहे. अळी बोंडात शिरल्यावर फवारलेले औषध बोंडाच्या सालीवर पडते, अळीपर्यंत पोचत नाही. हंगाम संपत आला की काही अळ्या दीर्घ निद्रेत जातात : वाळक्या बोंडात, शेताच्या कडेला रचलेल्या पऱ्हाटीत, किंवा दोन सरक्या रेशमी धाग्याने एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत. पुढच्या हंगामातील पतंग याच निद्रेतून जागे होतात.

५/
लपलेल्या शत्रूशी लढणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी क्षणभर अमेरिका खंडात जाऊ. तेथे पाने कापणाऱ्या मुंग्या आहेत. संत्रा, कॉफी, कोको अशा झाडांची पाने त्या रात्रीतून कातरून नेतात. या मुंग्या भारतात नाहीत. गंमत अशी, की त्या पाने खाण्यासाठी नेत नाहीत. जमिनीखाली, कधी कधी कित्येक मीटर खोल, त्यांच्या वारुळात पानांचा लगदा करून त्यावर बुरशीची शेती चालते आणि त्या बुरशीवर वसाहत जगते. मोठ्या वारुळात लक्षावधी मुंग्या असतात. परभणीच्या शेतकऱ्याला याची थोडी कल्पना येईल, कारण आपल्याकडील वारुळातील वाळवीही आत बुरशी वाढवते.

६/
निकाराग्वातील सोन्याच्या खाणीवर काम करणारा इंग्रज अभियंता थॉमस बेल्ट याची बाग या मुंग्यांनी उद्ध्वस्त केली. त्याने वारुळाच्या बिळांत पाण्यात मिसळलेले कार्बोलिक आम्ल ओतले. पण त्याचबरोबर वारूळ खणूनही पाहिले, आणि पाने ही बुरशीच्या मळ्यासाठीच असावीत असा तर्क १८७४ च्या आपल्या ग्रंथात मांडला. पुढे १८९३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड म्यॉलर याने ब्राझीलमधील निरीक्षणांतून तो तर्क सिद्ध केला. शत्रू पानावर दिसतो, पण त्याचे घर आणि अन्न पानावर नाही, एवढे एकदा कळले, की पानांवर औषध मारण्याचा व्यर्थपणाही कळतो.

७/
म्हणून तेथे पुढे आमिषाची पद्धत रुजली. संत्र्याच्या चोथ्यात मंद विष मिसळून त्याच्या गोळ्या मुंग्यांच्या वाटेवर टाकायच्या. मुंग्याच त्या उचलून आपल्या बुरशीच्या मळ्यात नेतात. किडीची सवय हेच तिच्याविरुद्धचे शस्त्र झाले. पण एक अडचण उरलीच. वारूळ एकाच्या जमिनीत असते आणि पाने शेजाऱ्याच्या मळ्यातली जातात. शेजाऱ्याने आपल्या बागेत कितीही राखण केली, तरी वारुळाचा मालक स्वस्थ बसला तर उपयोग शून्य. या दोन गोष्टी, सवयीचे शस्त्र आणि शेजाऱ्याची साथ, ध्यानात ठेवून आता कपाशीकडे परतू.

८/
बोंडअळीची शास्त्रीय ओळख भारतातच झाली. गुजरातेतील भडोच येथे सरकारी मळ्यात अमेरिकी कपाशीचे प्रयोग चालले होते. तेथील अधीक्षकाने पिकाची नासाडी करणाऱ्या पतंगाचे नमुने लंडनला पाठवले. त्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स या कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे : नोंद झाली ती परदेशी कपाशीवरील नुकसानीमुळे. लांब धाग्याच्या कापसाची भूक इंग्लंडच्या गिरण्यांना होती, त्यासाठी नवे वाण येथे आणले जात होते. नव्या पिकासोबत जुन्या किडीचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. ही गोष्ट पुढे पुन्हा घडणार होती.

९/
यानंतर कीड जगप्रवासाला निघाली, तीही स्वतः उडत नव्हे. तिचे वाहन होते व्यापार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातून इजिप्तला गेलेल्या सरकीतून ती नाईलच्या खोऱ्यात पोचली. इजिप्तच्या सरकीतून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत, आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ती आढळली. जोडसरकीच्या पोकळीत निजलेली अळी गोण्यांतून, आगगाड्यांतून, आगबोटींतून समुद्र ओलांडून गेली. शेतकऱ्याच्या बांधाचेच काय, साम्राज्यांच्या सीमांचेही तिला सोयरसुतक नव्हते.

१०/
प्रत्येक देशाने आपापल्या परीने तिला अडवले. इजिप्तमध्ये जिनिंगच्या ठिकाणी सरकी यंत्रात तापवून आतील अळ्या मारण्याची पद्धत आली. टेक्सासने १९१७ मध्येच कायदा करून काही पट्ट्यांत कपाशी लावण्यास मनाई केली. भारतात मद्रास प्रांताने १९१९ मध्ये पीक-कीड व रोग कायदा केला. त्याआधारे कोइमतूर भागातील कंबोडिया कपाशीची झाडे ठरलेल्या तारखेच्या आत उपटणे शेतकऱ्यांवर बंधनकारक झाले. मुंबई राज्यानेही १९४७ मध्ये अशाच स्वरूपाचा कायदा केला.

११/
या उपायांत एक समान सूत्र दिसते. सरकी तापवणे, पऱ्हाटी उपटणे, कपाशीविना काही काळ जाऊ देणे : यांतील एकही उपाय एकट्याने करून फळत नाही. गावातील नव्वद जणांनी पऱ्हाटी उपटली आणि दहा जणांनी ठेवली, तर त्या दहा शेतांतून पुढच्या वर्षी साऱ्या गावात पतंग पसरतात. म्हणूनच त्या काळच्या सरकारांना सल्ल्यावर न थांबता कायदा करावा लागला. फवारणीचा पंप येण्यापूर्वी कीड-नियंत्रण ही सार्वजनिक बाब होती, जशी गावविहिरीची स्वच्छता किंवा साथीच्या रोगातील विलगीकरण.

१२/
परभणीच्या जुन्या कोरडवाहू शेतीत निसर्गच हे काम अर्ध्यापर्यंत करून टाकी. कपाशी पावसावर येई. काळ्या मातीतील ओल संपली की झाडही संपे. त्यानंतर मराठवाड्याचा कडक उन्हाळा. शेतात हिरवे बोंड नाही, पतंगाला अंडी घालायला जागा नाही. निद्रिस्त अळ्यांपैकी ज्या पावसाआधीच जाग्या होत, त्यांचे पतंग अन्नाविना मरत. पऱ्हाटी चुलीत जाई आणि सरकी उन्हात वाळे. कीड होतीच, नुकसानही होई. पण तिच्या वर्षचक्रात दरवर्षी एक मोठी दरी पडत असे.

१३/
ही दरी बुजवली ती विकासानेच, आणि यातच या इतिहासाची गुंतागुंत आहे. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी धरण झाले. पैठणच्या जायकवाडीचे लोकार्पण १९७६ मध्ये झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याने परभणीच्या शिवारात गोदावरीचे पाणी आणले. दुष्काळाचे चटके सोसलेल्या जिल्ह्याला हे पाणी हवेच होते. पण पाणी मिळताच कपाशीचे आयुष्य वाढले. डिसेंबरात संपणारे झाड फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिरवे राहू लागले. मुख्य वेचणीनंतर पुन्हा पाणी व खत देऊन घेतलेल्या या जास्तीच्या पिकाला 'फरदड' म्हणतात. शेतकऱ्यासाठी ते उन्हाळ्याच्या तोंडावरचे रोख पैसे. अळीसाठी मात्र तो वाढीव मुक्काम.

१४/
त्याच सुमारास वाणही बदलले. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. मराठवाड्यात नांदेडच्या संशोधन केंद्रातून आलेला 'एनएचएच-४४' १९८० च्या दशकापासून अतिशय लोकप्रिय झाला. संकरित कपाशी भरघोस होती, धागा लांब होता, भाव चांगला होता. गावराणी मागे पडली. घरची सरकी राखून पेरण्याची रीतही मागे पडली, कारण संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. खर्च वाढला, पिकात अडकलेला पैसा वाढला आणि तो वाचवण्यासाठी पाठीवर पंप आला.

१५/
१९८० च्या आसपास सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके भारतात आली. पहिली काही वर्षे परिणाम थक्क करणारा होता. पण त्याच दशकाच्या अखेरीस आंध्र प्रदेशात हिरव्या बोंडअळीने या औषधांना दाद देणे थांबवले. १९९० च्या दशकात तर देशातील एकूण कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी एकट्या कपाशीवर फवारली जात असल्याचे सांगितले जाई, आणि कपाशीचे क्षेत्र होते एकूण पेरणीच्या पाच टक्क्यांच्या आसपास. फवारणीने मित्रकीटकही मेले. अंड्यांवर जगणारा ट्रायकोग्रामा, अळ्यांवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या यांच्यासारखे फुकटचे राखणदार शेतातून हद्दपार झाले.

१६/
याच काळात विज्ञान मात्र दुसऱ्या वाटेने चालले होते : किडीची सवय ओळखण्याच्या वाटेने. १९७१ मध्ये पाने कापणाऱ्या मुंग्यांच्या एका जातीचा वाट दाखवणारा गंध रासायनिकदृष्ट्या ओळखला गेला. १९७३ मध्ये शेंदरी बोंडअळीची मादी नराला बोलावण्यासाठी सोडते तो गंध निश्चित झाला. त्याला 'गॉसिप्लुअर' म्हणतात. त्याआधी १९६६ मध्ये जाहीर झालेले सूत्र चुकीचे ठरले होते. १९७८ पासून अमेरिकेत हा गंध शेतभर पसरवून नरांना भुलवण्याची व मीलन रोखण्याची पद्धत अधिकृत झाली. आपल्या शेतात टांगलेला 'कामगंध सापळा' हा याच संशोधनाचा वंशज. मुंगीच्या आमिषाप्रमाणे येथेही शस्त्र शत्रूच्याच भात्यातले.

१७/
१८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे धडे, म्हणजे उन्हाळी नांगरट, वेळेवर पेरणी, सापळे, मित्रकीटकांचे संवर्धन आणि नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारणी, या शिवारात पोचवण्याचे काम या संस्थेकडे आले. 'पीए-२५५' अर्थात 'परभणी तुराब' यासारखे देशी कपाशीचे सुधारित वाणही येथूनच आले. ज्ञानाची उणीव नव्हती. उणीव होती ती ते ज्ञान एकाच आठवड्यात साऱ्या शिवारात अंमलात आणणाऱ्या व्यवस्थेची.

१८/
मग आला २६ मार्च २००२. केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कपाशीच्या तीन वाणांना परवानगी दिली. वाण होते जालन्यात मूळ असलेल्या महिको कंपनीचे. जनुक होते मातीतील 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जिवाणूचे, मोन्सॅन्टोने वापरात आणलेले. या जनुकामुळे झाडच अळीला मारक प्रथिन बनवू लागले. ज्या बोंडात फवारा पोचत नव्हता, त्या बोंडाच्या आतच औषध तयार होऊ लागले. लपलेल्या शत्रूला त्याच्या घरात गाठणारा हा उपाय होता. २००६ मध्ये दोन प्रथिनांचे 'बोलगार्ड-२' आले.

१९/
पहिली वर्षे सुखाची गेली. बोंडअळ्यांसाठीच्या फवारण्या घटल्या, देशाचे कापूस उत्पादन वाढले आणि दशकभरात कपाशीखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आले. पण या बियाण्यासोबत एक अट होती. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळे. ती शेताच्या कडेने 'आश्रय' म्हणून पेरायची. हेतू असा, की त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात. चुकून प्रतिकारक्षम झालेल्या पतंगांचे मीलन त्यांच्याशी व्हावे आणि प्रतिकारशक्ती पुढच्या पिढीत विरघळून जावी.

२०/
ती पुडी बहुतेकांनी पेरली नाही. का पेरावी? दोन एकरांच्या धन्याने आपल्या काही ओळी अळीला खाऊ घालायच्या, आणि त्याचा लाभ काही वर्षांनी साऱ्या तालुक्याला मिळायचा. त्याने एकट्याने पेरल्या तर नुकसान त्याचे, आणि इतरांनी न पेरल्याने फायदा शून्य. मुंग्यांच्या वारुळाची तीच अडचण येथे बियाण्याच्या पुडीत बसली होती. मद्रासच्या १९१९ च्या कायद्याला जो प्रश्न ठाऊक होता, तो २००२ मध्ये एका छापील सूचनेच्या भरवशावर सोडला गेला.

२१/
आणखी एक भारतीय वैशिष्ट्य होते. चीन किंवा अमेरिकेत बीटी कपाशी मुख्यतः सरळ वाणांची. आपल्याकडे जवळजवळ सारी संकरित. संकरित झाडाला बीटी जनुक एकाच पालकाकडून मिळते. म्हणून त्याच्या बोंडातील सरक्यांत वाटणी होते : एका जनुकाचा विचार केला, तर सुमारे चौथा हिस्सा सरक्यांत ते प्रथिन नसतेच. शेंदरी बोंडअळी खाते ती सरकीच. तिला एकाच बोंडात विषारी आणि निर्विष दाणे मिळत गेले. थोडे विष, थोडे अन्न : प्रतिकारशक्ती घडवण्याची ही जणू तालीमच. जोडीला फरदड असल्याने तालमीला सुट्टीही नव्हती.

२२/
पहिल्या बीटी प्रथिनाला न जुमानणारी शेंदरी बोंडअळी गुजरातेत आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१४-१५ च्या सुमारास बोलगार्ड-२ वरही ती तेथे दिसू लागली. इशारा सात वर्षे आधीच मिळाला होता. २०१७ मध्ये महाराष्ट्रात उद्रेक झाला. मराठवाडा-विदर्भात बोंडे फोडून पाहावीत तर आत अळी. शेतकऱ्यांनी नुकसानीचे 'जी फॉर्म' भरले, पंचनामे झाले, भरपाईची घोषणा झाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या तंत्राने फवारणी संपवायची होती, त्याच पिकात लोक फवारणीने मेले.

२३/
आता पहिल्या प्रश्नाकडे. अमेरिकेने काय वेगळे केले? कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात १९६८ पासून वंध्य केलेले पतंग विमानातून सोडले जात. त्या कार्यक्रमाचा मोठा भार कापूस उत्पादकच गाठींमागे पैसे भरून उचलत. पऱ्हाटी गाडण्याची तारीख ठरलेली असे आणि ती पाळावी लागे. १९९६ नंतर बीटी कपाशी आली तेव्हा ॲरिझोनात आश्रय-ओळी पेरल्या गेल्या. २००६ पासून तेथे आश्रयाऐवजी वंध्य पतंगांचा मारा झाला. मेक्सिकोचे सीमाभागही सोबत घेतले. गंध, बीटी, वंध्य पतंग, पऱ्हाटीची तारीख ही सारी शस्त्रे एका कॅलेंडरवर चालली.

२४/
यावरून 'आपला शेतकरीच बेशिस्त' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. तेथील एका शेताचा विस्तार येथील एका गावाच्या शिवाराएवढा असू शकतो. पाच-पन्नास जण एकत्र बसले की खोरे एकत्र आले. मानवत किंवा पाथरी तालुक्यात तेवढ्याच क्षेत्रासाठी हजारो खातेदारांचे एकमत लागेल. फरदड सोडणे म्हणजे मुलीच्या फीचे किंवा किराण्याच्या उधारीचे पैसे सोडणे. पऱ्हाटी लगेच जाळणे वा गाडणे म्हणजे वर्षाचे सरपण सोडणे. प्रत्येक 'चूक' ही त्या घरापुरती शहाणपणाचीच होती. गावाने मिळून शहाणे व्हावे अशी सोय मात्र कुणी केली नाही.

२५/
सोयीची सुरुवात झाली नाही असेही नाही. २००८ मध्ये सोयाबीनवरील अळ्यांच्या उद्रेकानंतर २००९-१० पासून राज्यात 'क्रॉपसॅप' हा कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात परभणीचे विद्यापीठही सहभागी आहे. नेमलेले सर्वेक्षक शेतांतून नोंदी घेतात आणि त्यावरून सल्ला दिला जातो. २०१७ नंतर शिफारशी ठळक झाल्या : हेक्टरी पाच कामगंध सापळे, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच औषध, जिनिंगच्या आवारातही सापळे, डिसेंबरअखेर पीक काढणे, फरदड नाही. कपाशीचे बियाणे जूनपूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडू नये, अशी व्यवस्था राज्याने अलीकडच्या हंगामांत केली. हेतू तोच जुना : पतंग जागे व्हावेत, पण त्यांना कपाशी सापडू नये.

२६/
म्हणजे शंभर वर्षांचा फेरा मारून आपण १९१९ च्या जवळ आलो आहोत. तारीख ठरवा, सारे मिळून पाळा, अळीला उपाशी ठेवा. मधल्या काळात पंप आला, पायरेथ्रॉइड आले, जनुक आले. प्रत्येकाने थोडी वर्षे असे भासवले की प्रत्येक शेतकरी आपल्या बांधाच्या आत एकटाच सुरक्षित राहू शकतो. दुकानातून पाकीट आणले की पुरे. या भासाची किंमत तिन्ही वेळा शेतकऱ्यानेच मोजली, आणि दर वेळी त्याला पुढचे पाकीट सुचवण्यात आले.

२७/
परभणीच्या शिवारात जूनचा पहिला पाऊस पडतो, तेव्हा जमिनीत, पऱ्हाटीत आणि सरकीत निजलेले पतंगही जागे होतात. त्या आठवड्यात शेजारच्या शेतात काय उगवले आहे, यावर आपल्या शेतातील नोव्हेंबरचे बोंड अवलंबून असते. इतिहासाच्या पुस्तकांत आपण तहांचे, सीमांचे, किल्ल्यांचे नकाशे पाहतो. शेतीच्या इतिहासात एक वेगळा नकाशा लागतो, ज्यात बांधांच्या रेषा पुसून टाकलेल्या असतात. अळी पावणेदोनशे वर्षे तोच नकाशा वापरते आहे.

(थ्रेड समाप्त. तुमच्या गावात पऱ्हाटी काढण्याची किंवा सरकी राखण्याची जुनी रीत कशी होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून खाली जरूर लिहा. अशा आठवणी हीच या इतिहासाची न लिहिलेली पाने आहेत.)